तार आधी, बोट मागाहून

माझ्या आजीच्या हिशेबात वर्षाचे दोनच भाग होते: बोटी चालू असतानाचा आणि बोटी बंद असतानाचा. विजयदुर्गाच्या खाडीकाठी तिचा सगळा संसार झाला. मुंबईला गिरणीत असलेल्या भावाकडे जाणे असो, तिकडून यायचे लुगडे असो किंवा कुणाच्या लग्नाची बोलणी असोत, सगळे ‘बोटी सुरू झाल्यावर’ नाही तर ‘बोटी बंद व्हायच्या आत’ असेच ठरत असे. तिला प्रवासात हटकून बोट लागायची. पदराला लिंबू बांधून ती डेकवर आडवी पडायची ती थेट धक्का येईपर्यंत. तरीही बोटीविषयी तिने कधी वाईट शब्द काढला नाही, आणि तिच्या तोंडी ती नुसती बोट कधीच नसे, आगबोट असे.

आगगाडी, आगबोट आणि आगपेटी हे तिन्ही शब्द एकाच काळातली भावंडे आहेत. इंग्रजांनी आपल्या नव्या जहाजाला वाफेचे नाव दिले. मराठी माणसाने धक्क्यावरून पाहिले तेव्हा त्याला धुरांडे दिसले, रात्री त्यातून उडणाऱ्या ठिणग्या दिसल्या, आणि त्याने आगीचे नाव ठेवले. मला मराठी नाव अधिक नेमके वाटते, कारण मुंबई बंदरातल्या पहिल्या आगबोटींच्या हकीकती वाचायला घेतल्या की वाफ क्वचित भेटते आणि कोळसा पानोपानी भेटतो.

‘ह्यू लिंडसे’चीच गोष्ट घ्या. ही आगबोट मुंबईच्याच गोदीत, पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधत आलेल्या वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली तयार झाली आणि १४ ऑक्टोबर १८२९ रोजी पाण्यात उतरली. ४११ टनांचे लाकडी जहाज, दोन्ही कुशींना पाणी कापणारी मोठी चाके आणि प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन इंजिने, असा तिचा थाट होता. तिच्यामागे आग्रह होता तो गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचा. १८१८ च्या जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने ज्यांच्यापुढे शरणागती पत्करली तेच हे माल्कम. पेशवाई बुडून बारा वर्षे होत होती, आणि तिचा शेवटचा कागद हाताळणारा माणूस आता मुंबईहून तांबड्या समुद्रात आगबोट पाठवून विलायतेचे टपाल लवकर पोहोचवता येते हे लंडनला दाखवू पाहत होता.

२० मार्च १८३० रोजी कमांडर जॉन विल्सन यांनी ती सुएझच्या दिशेने काढली. पेच साधा पण अवघड होता. जहाजाच्या पोटात कोळसा मावत होता साडेपाच दिवसांचा आणि पहिला थांबा होता एडन, जिथे पोहोचायला लागणार होते अकरा दिवस. म्हणून माणसांसाठी बांधलेल्या खोल्या कोळशाने भरल्या, बैठकीच्या दालनात कोळसा ओतला, डेकवर रास घातली. एवढ्या ओझ्याने जहाज पाण्यात इतके खोल बसले की ते बंदराबाहेर पडले हेच नवल. एडनला नांगर पडला तेव्हा सहा तास पुरेल एवढाच कोळसा शिल्लक होता. पुढे मोखा, जेद्दा, कुसेर असे थांबत, प्रत्येक ठिकाणी टोपल्यांनी कोळसा भरत, ती २२ एप्रिलला सुएझला लागली. तेहतीस दिवसांच्या या प्रवासात प्रत्यक्ष चालण्याचे दिवस एकवीस होते; बाकीचे बारा कोळशाने खाल्ले.

आणि हा कोळसा त्या बंदरांत आधीच जाऊन पडला होता तो शिडाच्या गलबतांतून. विलायतेतून केप ऑफ गुड होपला वळसा घालून तो मुंबईला यायचा तोही शिडानेच. म्हणजे वारा नको म्हणून ज्या बोटीने आग पेटवली तिची शिदोरी आधी वाऱ्यावरच वाहून न्यावी लागत होती. नव्या यंत्राचे कौतुक करताना हे जुने खांदे सहसा विसरले जातात. लंडनमध्ये बसलेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी मात्र खर्चाचा आकडा पाहून नाक मुरडले, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर तेही अगदीच चुकीचे नव्हते.

तोवर पत्राचा प्रवास कसा होता ते ध्यानात घेतले म्हणजे माल्कमसाहेबांचा हट्ट कळतो. शिडाचे जहाज आफ्रिकेला वळसा घालून विलायतेहून मुंबईला यायला चार ते सहा महिने घेई, आणि ‘चार ते सहा’ यातच सगळी मेख होती. पत्र केव्हा पोहोचेल हे कुणी सांगू शकत नव्हते. प्रश्न विचारून उत्तर हाती पडेपर्यंत वर्ष लोटे, आणि तोवर प्रश्नच शिळा होऊन जाई. १८२५ साली ‘एंटरप्राइज’ नावाची बोट वाफ आणि शीड दोन्ही वापरून इंग्लंडहून त्याच वाटेने कलकत्त्याला आली तीही ११३ दिवसांनी. तांबड्या समुद्राची वाट रुळली तेव्हा हे अंतर सुमारे दीड महिन्यावर आले. वेग वाढला हे सगळेच सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: पत्राला तारीख मिळाली. अमुक दिवशी टपाल निघणार आणि साधारण अमुक दिवशी पोहोचणार, असा समुद्राशी वायदा करता येऊ लागला. वाट पाहणे आधीही होतेच, आता त्याला पंचांग आले.

हे पंचांग सांभाळायला मधल्या वाटेवर पुष्कळ खटाटोप करावा लागे. सुएझला उतरलेले टपाल उंटांवरून वाळवंट ओलांडून कैरोला जाई, तिथून नाईलमधून आणि कालव्यातून अलेक्झांड्रियाला, आणि मग भूमध्य समुद्रातल्या दुसऱ्या बोटीत. टॉमस वॅगहॉर्न नावाच्या माणसाने या वाटेच्या वेडापायी आयुष्य आणि पैसा दोन्ही घालवले. १८५८ पर्यंत अलेक्झांड्रिया ते सुएझ आगगाडी झाली आणि उंट मोकळे झाले.

एडनची गोष्ट मात्र इतक्या लवकर आटोपता येत नाही, कारण ती पुन्हा मुंबईलाच येऊन मिळते. कोळशासाठी कंपनीला वाटेत हक्काचा कोठा हवा होता. १८३७ साली ‘दर्या दौलत’ नावाचे जहाज एडनजवळ फुटले आणि लुटले गेले, हे निमित्त झाले, आणि १९ जानेवारी १८३९ रोजी मुंबईहून गेलेल्या फौजेने एडन घेतले. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात इंग्रजांनी जिंकलेला हा पहिला मुलूख, आणि तो जिंकला कशासाठी, तर कोळसा ठेवायला. पुढे जवळजवळ शतकभर, १९३२ पर्यंत, एडन मुंबई इलाख्याचा भाग म्हणून चालले. ज्या कॅप्टन हेन्सने ते घेतले त्याने पंधरा वर्षे तिथला कारभार पाहिला. मग हिशेबात तूट निघाली. अफरातफरीच्या आरोपातून ज्यूरीने त्याला सोडले, पण कर्जापोटी सरकारने त्याला मुंबईच्या तुरुंगात टाकले ते सहा वर्षे. १८६० च्या जूनमध्ये तो सुटला, आणि मायदेशी जायला जहाजावर चढला तो बंदर सोडण्याआधीच, इथेच, मुंबईच्या पाण्यावर वारला. ज्या वाटेने हजारो लोकांची पत्रे ठरल्या दिवशी जावीत म्हणून त्याने तळ उभारला त्या वाटेने त्याला मात्र जाता आले नाही.

बंदर जहाजांशी बोलत असे ते निशाणांनी. १८५७ साली व्यापारी जहाजांसाठी निशाणांची एक सामायिक लिपी निघाली. तिच्यात १८ निशाणे होती, एकेक निशाण म्हणजे एकेक अक्षर, आणि दोन, तीन वा चार निशाणे डोलकाठीवर एकाखाली एक चढवली की त्यांचा ठरलेला अर्थ होई. असे हजारो संदेश त्या पुस्तकात होते. गंमत अशी की त्या अठरा अक्षरांत स्वर एकही नव्हता, सगळी व्यंजने. स्वर घातले तर नकळत भलतेसलते शब्द तयार होतील ही भीती त्यामागे होती असे म्हणतात. आपल्या व्याकरणात स्वराशिवाय व्यंजनाचा उच्चार पुरा होत नाही असे शिकवतात; समुद्रावरची ही लिपी उच्चारायची नव्हतीच, नुसती पाहायची होती, त्यामुळे तिचे काही अडले नाही. रात्री मात्र निशाणे निकामी, आणि तिथे काम दिव्यांचे. १८६७ साली खांदेरीवर दीपगृह उभे राहिले आणि १८७५ साली कुलाब्याच्या टोकापुढे खडकावर प्राँग्जचे. मांडव्याला जाताना दक्षिणेकडे खांदेरी दिसते तेव्हा मला दर वेळी वाटते की बेटांनाही नशीब असते. १६७९ साली शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला तो मुंबईच्या तोंडाशी बसून इंग्रजांच्या आणि सिद्दीच्या जहाजांवर नजर ठेवता यावी म्हणून, आणि इंग्रजांनी तो थांबवण्यासाठी लढाई केली. दोनशे वर्षांच्या आत त्याच बेटावर इंग्रजांच्याच जहाजांना वाट दाखवायला दिवा लागला.

एवढे सगळे झाले तरी १८६५ पर्यंत मुंबईच्या दृष्टीने बातमी ही वस्तूच होती. कापसाची गाठ, साहेबाची ट्रंक आणि लिव्हरपूलचा भाव, तिन्ही एकाच बोटीतून यायची. अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस अडला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेअरांचा बाजार असा काही तापला की समुद्र बुजवण्याच्या योजनेच्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर त्याच्या कित्येक पट किमतीला गेला. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या सेनापतीने शस्त्र खाली ठेवले. ती बातमी इथे पोहोचली आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायदे पुरे करायचा दिवस होता, आणि त्या दिवशी पुरे करायला कुणाजवळ काही उरले नव्हते. त्या वर्षी इराणच्या आखातातून तारेची वाट सुरू झाली होती खरी, पण ती अनेक परक्या हातांतून जाई. मजकूर वाटेत मोडे, आणि दिवसच्या दिवस रखडे. अर्धीमुर्धी बातमी ही न आलेल्या बातमीपेक्षा धोक्याची असते हे मुंबईच्या बाजाराने तेव्हा पुरते अनुभवले असावे.

मग साताठ महिन्यांत तीन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला आणि केपच्या वळशाच्या मानाने लंडनचे अंतर सुमारे ४० टक्क्यांनी घटले. ७ मार्च १८७० रोजी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे जबलपूरला पोहोचली आणि मुंबईचा धक्का कलकत्त्याशी रुळांनी जोडला गेला, म्हणजे विलायतेची बोट मुंबईला लागली की सगळ्या हिंदुस्थानचे टपाल इथूनच वाटले जाऊ लागले. आणि या दोहोंच्या मधल्या फेब्रुवारीत ‘ग्रेट ईस्टर्न’ मुंबईच्या समुद्रात उभी होती.

ही बोट ६९२ फूट लांब होती, त्या काळी जगातली सगळ्यात मोठी, आणि उतारूंची बोट म्हणून ती पार फसलेली होती. तिला काम मिळाले ते समुद्राच्या तळाशी तार अंथरण्याचे, कारण मैलोगणती तारेचे वेटोळे एकाच पोटात मावेल असे दुसरे जहाजच नव्हते. उन्हाने आतली तार तापून तिचे गटापर्चाचे, म्हणजे रबरासारख्या झाडाच्या चिकाचे, वेष्टन बिघडू नये म्हणून तिला पांढरा रंग दिला होता. काळ्या जहाजांच्या बंदरात हे अवाढव्य पांढरे धूड कसे दिसले असेल याची कल्पना करायला मला आवडते. १४ फेब्रुवारी १८७० रोजी मुंबईच्या किनाऱ्याला एक टोक बांधून ती निघाली आणि मागे तार सोडत २७ तारखेला एडनजवळ पोहोचली. जूनमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यापर्यंत सगळी साखळी जुळली. ज्या वाटेवर ‘ह्यू लिंडसे’ कोळशाखाली वाकून गेली होती त्याच वाटेच्या तळाशी, चाळीस वर्षांनी, शब्द एकटा जाऊ लागला. त्याला ना कोळसा लागे ना उंट, आणि त्याच्याबरोबर माणूसही लागत नसे.

इथे मी थबकते. आगबोटीने बातमी आणि माणूस दोघांनाही एकाच वेगाने आणले होते. तारेने त्यांची ताटातूट केली. माणसाला विलायतेहून यायला पूर्वीसारखेच काही आठवडे लागत राहिले, आणि त्याची बातमी काही तासांत येऊ लागली. शिवाय ही सोय प्रत्येक शब्दाला दाम मोजणाऱ्यांची होती. पेढीवाले एकेका शब्दात अख्खे वाक्य बसवणारी सांकेतिक भाषा वापरत. बाकीच्यांना पत्रच बरे. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या त्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, आणि पुढची दोन वर्षे त्यांचा आणि गोपाळरावांचा संसार पत्रांवर चालला. एकाच्या रागाचे पत्र बोटीत असताना दुसऱ्याचे मायेचे पत्र उलट दिशेने येत असेल, आणि समुद्रात कुठेतरी दोन्ही एकमेकांजवळून गेली असतील. १८८६ च्या नोव्हेंबरमध्ये त्या मुंबईला उतरल्या तेव्हा क्षयाने पुरत्या खंगल्या होत्या. फेब्रुवारीत पुण्यात वारल्या.

आगबोटीच्या पोटात जे लोक होते त्यांच्याविषयी मात्र या साऱ्या हकीकतींत फारच थोडे सापडते. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी डेकवर असत. त्यांच्यावर तांडेल आणि त्याच्यावर सारंग. उतारूंच्या सरबराईला आणि भटारखान्यात गोव्याचे लोक असत, आणि बोट मिळेपर्यंत ते धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडां’मध्ये, म्हणजे सामायिक बिऱ्हाडांत, राहत. सगळ्यात खाली, भट्टीपाशी, ‘आगवाले’ असत. हा शब्द जहाजांवरच्या बोलीत खरोखर रूढ होता: भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला, त्याला कोळसा आणून देणारा कोयलावाला, यंत्राला तेल घालणारा तेलवाला. तांबड्या समुद्रातल्या उन्हाळ्यात त्या भट्टीपुढे उभे राहणे म्हणजे काय हे लिहून ठेवायला त्यांच्यापैकी कुणाला फुरसत मिळाली नाही. आगबोट हे नाव धक्क्यावरच्या माणसाला धुरांड्याकडे पाहून सुचले असेल. आगवाल्याला ते सुचण्याची गरजच नव्हती.

तार किनाऱ्यावर येऊन थांबे हेही विसरून चालत नाही. बोट एकदा क्षितिजाआड गेली की ती मुकी होई. १८८८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या शेपर्ड कंपनीची ‘वैतरणा’ ही आगबोट कच्छच्या मांडवीहून मुंबईकडे निघाली. तिच्यावर विजेचे दिवे होते, त्यामुळे काठेवाडात तिला कौतुकाने ‘वीजळी’ म्हणत. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ ती वादळात सापडली आणि शेकडो माणसांसह नाहीशी झाली. ती बुडाली हे कळले ते ठरल्या वेळी मुंबईला लागली नाही म्हणून. बंदरा-बंदरांत तारघरे होती, एक दुसऱ्याला विचारत होते, आणि मधल्या काळोखात विजेचे दिवे असलेल्या त्या बोटीला एक शब्द पाठवायची सोय नव्हती. बिनतारी संदेश जहाजांवर यायला अजून दशकाहून अधिक अवकाश होता.

याच शेपर्डच्या आगबोटी कोकणात येत. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, अशी बंदरे घेत त्या जात, आणि बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला न लागता बाहेर उभी राहायची, मग पडावातून उतारू न्यायचे, आणि भरतीओहोटी पाहून शेवटचे अंतर गुडघाभर पाण्यातून चालायचे. पावसाळ्यात चार महिने सगळे बंद. मुंबई-लंडन तारेने जोडली गेली, पुढे तालुक्याच्या गावापर्यंतही तार आली, पण जूनमध्ये समुद्र खवळला की विजयदुर्गाहून मुंबई होती तेवढीच दूर राहायची.

आजीचा तो गिरणीतला भाऊ श्रावणात गेला. साल तिला आठवत नसे. लढाईच्या आधीचे एवढेच सांगायची. तालुक्याच्या पोस्टातला माणूस भरल्या शेतांच्या बांधांवरून, घोंगडीची खोळ घेऊन, तार घेऊन आला. आमच्याकडे तार म्हणजे मरणच. त्याला लांबून येताना पाहूनच घरातल्या बायका गप्प झाल्या. तार वाचायला शाळामास्तरांना बोलवावे लागले. दोन दिवसांपूर्वीची बातमी होती, म्हणजे त्या काळाच्या मानाने ताजीच. फोंडाघाट चढून कोल्हापूर आणि तिथून आगगाडी ही एक वाट होती, पण तिला सोबत कोण आणि पैसे कुठले. तिने सुतक पाळले, स्नान केले आणि भाताच्या बेणणीला गेली. तिच्या म्हणण्याप्रमाणे त्या महिन्यात ती रडली नाही, कारण रडायचे ते भावजयीच्या गळ्यात पडून, आणि भावजय मुंबईला होती.

बोटी सुरू झाल्या तशी पहिल्याच आगबोटीने ती निघाली, पदराला लिंबू बांधून. सकाळी धक्क्यावर उतरून चाळीत पोहोचली तेव्हा भावाच्या खाटेवर गावाकडचा दुसरा कुणी भाडेकरी झोपला होता, रात्रपाळी करून आलेला. भावजय चुलीशी होती. तिचे रडून कधीच झाले होते, आणि हिला दारात अशी हुंदके देताना पाहून ती क्षणभर घाबरली, पुन्हा कोण गेले म्हणून.